‘थंड’ प्रकाशाची उष्णता : प्रखर विजेरी घडवण्याचा छंद

मराठीत ‘विजेरी’ हा चांगला शब्द असूनही बोलताना आपण ‘बॅटरी’च म्हणतो. “बाहेर अंधार आहे, बॅटरी घेऊन जा,” असे आई सांगते तेव्हा तिला सेल अभिप्रेत नसतो, उजेड अभिप्रेत असतो. अमेरिकेत याच वस्तूला ‘फ्लॅशलाइट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, असे नाव पडले. डेव्हिड मिसेल याच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला न्यूयॉर्कमध्ये १८९९ साली पेटंट मिळाले. त्या काळचे कोरडे सेल इतके दुबळे होते की दिवा सतत पेटता ठेवणे त्यांना झेपत नसे. क्षणभर कळ दाबायची, पाहून घ्यायचे आणि सोडून द्यायची, अशी रीत होती. त्या पेटंटाभोवती उभ्या राहिलेल्या कंपनीतूनच पुढे ‘एव्हरेडी’ हे नाव जगभर गेले. म्हणजे या वस्तूची दोन्ही नावे सेलने दिली आहेत. विजेरीची शक्ती प्रथमपासून सेलच्या मर्यादेने बांधलेली होती, हेच त्यावरून दिसते.

आज ती मर्यादा पुष्कळ मागे हटली आहे. दोन मोठ्या सेलच्या जुन्या विजेरीतला बल्ब सुमारे १० ल्युमेन प्रकाश देई. ल्युमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या दृश्य प्रकाशाचे माप. घरातला ६० वॅटचा जुना बल्ब ७०० ते ८०० ल्युमेनचा असे. आता मुठीत मावणारी, एकाच सेलवर चालणारी विजेरी १००० ल्युमेन देऊ शकते. अशा विजेऱ्या तयार विकत न घेता स्वतः जुळवणारी हौशी मंडळी, विशेषतः अमेरिकेत, एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसू लागली. तेथील लोकप्रिय ‘मॅगलाइट’ विजेरीतला काचेचा बल्ब काढून त्या जागी एलईडी बसवावा, येथून अनेकांची सुरुवात झाली. पुढे कोणी चीनमधील शेन्झेनहून सुटे भाग मागवू लागले, तर कोणी ॲल्युमिनियम, पितळ, तांबे किंवा टायटॅनियमची नळी लेथवर स्वतः कातू लागले.

कलाशाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या छंदाला लागणारे पदार्थविज्ञान शालान्त परीक्षेपलीकडचे नाही; आणि ते समजले नाही तर केवळ पैसे वाया जातात असे नव्हे, हातात धरलेली वस्तू स्फोटकही ठरू शकते.

प्रकाश येतो कोठून?

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापून प्रकाशते. खर्ची पडलेल्या विजेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी भाग दृश्य प्रकाशाच्या रूपाने मिळतो. बाकीचा बहुतेक अवरक्त किरणांच्या रूपाने निघून जातो.

एलईडीची रीत निराळी आहे. अर्धवाहक पदार्थाच्या एका थरात इलेक्ट्रॉनांची विपुलता असते, तर शेजारच्या थरात त्यांच्यासाठी रिकाम्या जागा असतात. विद्युतदाब लावला की सांध्यापाशी इलेक्ट्रॉन त्या जागांत उतरतात आणि उतरताना सोडलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. ही उतरण किती उंच, त्यावर प्रकाशाचा रंग ठरतो. निक होलोन्याक यांनी १९६२ साली तांबडा एलईडी तयार केला. परंतु निळ्या रंगासाठी मोठी उतरण हवी, आणि ती देणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे अतिशय कठीण होते. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी हे साधले; १९९३ साली नाकामुरांचा प्रखर निळा एलईडी जगापुढे आला आणि २०१४ साली तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या चिपवर फॉस्फरची पिवळी भुकटी पसरली की काही निळा प्रकाश पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसतात. विजेरीतला ‘पांढरा’ एलईडी मुळात निळाच असतो.

उष्णता मागच्या दाराने

एलईडीचा प्रकाश ‘थंड’ असतो असे आपण सर्रास ऐकतो. झोतापुढे हात धरला तर ते खरेही वाटते. पण या एका शब्दाने बहुतेक नवशिक्यांची दिशाभूल होते. २०१० साली क्री या अमेरिकन कंपनीने पाच मिलिमीटर लांबी-रुंदीचा ‘एक्सएम-एल’ एलईडी आणला आणि हौशी मंडळींत तो फार चालला. ३ अँपिअर प्रवाहावर तो सुमारे १० वॅट वीज घेऊन १००० ल्युमेन देई. पण या १० वॅटपैकी प्रकाश होतात फक्त सुमारे ३ वॅट. उरलेले ७ वॅट उष्णता होऊन त्या इवल्याशा चिपमध्येच जन्माला येतात.

जुनी तार आपली उष्णता प्रकाशाबरोबर पुढच्या बाजूने फेकून देते. एलईडीला ते जमत नाही. दीडशे अंशांपलीकडे तापणे चिपला परवडत नाही, आणि एवढ्या तापमानाला इतक्या लहान पृष्ठभागावरून प्रारणाने जाणारी उष्णता नगण्य असते. तिला मागच्या दारानेच, धातूतून वाहत, बाहेर पडावे लागते. वाट मिळाली नाही तर प्रथम प्रकाश मंदावतो, मग रंग बदलतो आणि शेवटी एलईडी कायमचा विझतो. प्रखर विजेरी घडवणे म्हणजे मुख्यतः या उष्णतेला वाट करून देणे होय.

ही वाट शेतातल्या पाटासारखी असते. एका ठिकाणी बांध आला की त्याच्या मागे सगळे तुंबते. चिपपासून तिच्या बैठकीपर्यंत, बैठकीपासून डाखाच्या थरातून तांब्याच्या चकतीपर्यंत, चकतीपासून ॲल्युमिनियमच्या नळीपर्यंत आणि नळीपासून हवेत किंवा आपल्या तळहातात, असा तिचा प्रवास. ॲल्युमिनियम हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. म्हणून दोन धातूंमध्ये केसाइतकी फट राहिली तरी ती बांधाचे काम करते. जाणकार चकतीची पाठ बारीक पॉलिश कागदावर घासून सपाट करतात आणि उष्णतावाहक लेपाचा अगदी पातळ थर देतात. लेप खरचटे भरण्यापुरता असावा. भाकरीवर लोण्यासारखा थापला तर तोच अडथळा होतो. एलईडीखाली विद्युतरोधक थर नसलेली, थेट तांब्याशी सांधा देणारी चकती निवडायची, तीही याच कारणासाठी.

वाट उत्तम झाली तरी एक हिशेब चुकत नाही. समजा, नळीचे वजन १२० ग्रॅम आहे. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंश तापवायला सुमारे ०.९ ज्यूल लागतात. म्हणजे सबंध नळीला १०८ ज्यूल. एलईडी आणि नियामक मिळून ८ वॅट, म्हणजे सेकंदाला ८ ज्यूल उष्णता देत असतील, तर नळी मिनिटाला सुमारे साडेचार अंश तापेल. हवा थोडी उष्णता ओढून घेते, तरी ३० अंशांवर सुरू केलेली विजेरी पाच-सहा मिनिटांत पन्नाशीला पोचते आणि हातात धरवेनाशी होते. लहान विजेरीवर छापलेले १००० ल्युमेन खरे असले तरी ते काही मिनिटांपुरतेच खरे असतात. चांगली विजेरी त्यानंतर आपण होऊन मंद होते. ती तिची लबाडी नव्हे, शहाणपण आहे.

प्रवाहाला लगाम

एलईडीवरचा विद्युतदाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून मध्ये नियामक लागतो. त्याला हौशी मंडळी ‘ड्रायव्हर’ म्हणतात. सर्वांत सोपी रचना ‘एएमसी ७१३५’ या चिपची. अशी प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ देत नाही. सतरा मिलिमीटरच्या चकतीवर आठ चिपा जोडल्या की २.८ अँपिअर मिळतात. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो आणि एलईडीला सुमारे ३.३ व्होल्ट लागतात. मधले ०.९ व्होल्ट नियामकातच जिरतात, म्हणजे आणखी अडीच वॅट उष्णता. सेल उतरत जाईल तशी ती कमी होते. शेजारी आठ पायांचा एखादा लहान संगणक-चिप असतो. ‘ॲटटायनी १३’ या प्रकारात एका किलोबाइटचीच स्मृती असते, पण मंद, मध्यम आणि प्रखर अशा पायऱ्या लिहायला तेवढी पुरते.

एवढ्या मोठ्या प्रवाहात क्षुल्लक गोष्टी क्षुल्लक राहत नाहीत. स्प्रिंगचा रोध दहावा भाग ओहम असला, तरी ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट आणि जवळजवळ एक वॅट तेथेच खर्ची पडतो. त्यासाठी स्प्रिंगच्या दोन टोकांना तांब्याची लवचिक तार डाखाने जोडतात.

दूरवर की रुंद?

अन्वस्ताकृती परावर्तकाच्या नाभीवर प्रकाशबिंदू ठेवला तर किरण समांतर निघतात. एलईडी हा बिंदू नसून लहान चौरस असल्याने झोत थोडा पसरतोच. चौरस जितका लहान व तेजस्वी आणि परावर्तक जितका मोठा, तितका झोत दूर जातो. जिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे ०.२५ लक्स, उजेड पडतो तिथवर विजेरीचा ‘पल्ला’ धरण्याचा संकेत आहे. झोताची तीव्रता कँडेलात घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि दुप्पट करावी, की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाला २०० मीटर. ४०० मीटर हवे असतील तर ४०,००० कँडेला लागतील. पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. नुसत्या ल्युमेनच्या आकड्यावरून विजेरी किती लांब पाहील हे कळत नाही, ते यामुळे.

सेल : येथे हयगय नको

या विजेऱ्यांत बहुधा १८६५० जातीचा लिथियम-आयन सेल असतो : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. खऱ्या सेलची क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. बाजारात याच मापाच्या सेलवर ९९०० वगैरे आकडे छापलेले दिसतात. ते निखालस खोटे समजावेत.

हा सेल ४.२ व्होल्टपलीकडे भरू नये आणि अडीच-तीन व्होल्टखाली उतरवू नये. त्यातील द्रव ज्वलनशील असतो. आत कोठे शॉर्टसर्किट झाले, तर निर्माण होणारी उष्णता पुढील रासायनिक क्रियेला वेग देते, ती क्रिया आणखी उष्णता देते आणि हे चक्र आपल्या हातात राहत नाही. टॉर्चची नळी पाण्यापासून रक्षणासाठी घट्ट बंद केलेली असते. आत वायू साठला तर त्या नळीचे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून चार नियम तोंडपाठ असावेत. सेल खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर सुटा टाकू नये. वरचे प्लास्टिकचे वेष्टन फाटलेला सेल वापरू नये. जुना व नवा सेल एकापुढे एक जोडू नये. बलवान सेल दुबळ्याला उलटा चेपतो. आणि चार्ज होत असताना सेलला एकट्याला सोडून निजू नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, इतिहास माहीत नसलेले सेल नवशिक्याने घेऊच नयेत. झोताबद्दलही एक नियम जोडावा : तो कोणाच्या डोळ्यांत, थट्टेनेसुद्धा, मारू नये.

किती उजेड पुरे?

आपल्या डोळ्याला प्रकाशाची वाढ सरळ प्रमाणात जाणवत नाही. उजेड दुप्पट ‘वाटायला’ तो सुमारे चौपट करावा लागतो, असा हौशी मंडळींचा ठोकताळा आहे. उलट बाजूने पाहिले तर ही मोठीच सवलत आहे. तोच एक्सएम-एल एलईडी ३५० मिलिअँपिअरवर चालवला तर एका वॅटमध्ये सुमारे १५० ल्युमेन देतो. प्रवाह आठव्या हिश्शावर आला, प्रकाश मात्र साधारण सातव्या हिश्शावर. आणि ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल तासाभराऐवजी आठ तासांहून अधिक चालतो. नळी तर कोमटही होत नाही.

आपल्याकडे शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीने वीज मिळत आली आहे. पाणी द्यायला बांधावरून जाणाऱ्या माणसाच्या पायाशी घोणस असू शकते. त्याला चारशे मीटरवरचे झाड पाहायचे नसते. पुढच्या दहा पावलांवर रुंद, एकसारखा आणि पहाटेपर्यंत टिकणारा उजेड हवा असतो. त्याच्यासाठी खरबरीत पृष्ठभागाचा परावर्तक, १५० ल्युमेनची पायरी, चांगल्या कंपनीचा एक सेल आणि पाणी न शिरणारी नळी एवढे पुरते. याउलट, कड्यावर वाट चुकलेल्याचा शोध घेणाऱ्याला मोठा परावर्तक व दूरचा पल्ला हवा. हातात दोन्ही विजेऱ्या सारख्याच दिसतील, पण त्यांची घडण निराळी असेल.

ज्यांना आरंभ करायचा असेल त्यांनी सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, चिमटा, उष्णतावाहक लेप आणि एक स्वस्त विजेरी एवढ्यावर करावा. बदल करण्याआधी व नंतर, अंधाऱ्या खोलीत विजेरी त्याच जागी ठेवून छताकडे झोत टाकावा आणि मोबाइलच्या प्रकाशमापकाने आकडा टिपावा. तो आकडा ल्युमेन सांगत नाही, पण सुधारणा झाली की नाही ते सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा टिपावा. दोन आकड्यांत फार अंतर पडले, तर उष्णतेच्या वाटेत कोठे तरी बांध राहिला आहे असे समजावे, आणि प्रवाह वाढवण्याआधी तो शोधून काढावा.