ओवा आणि कोंबडीचे पिल्लू

ओव्याचे चार दाणे तळहातावर चुरडून वास घ्या. नाकाला झोंबतो तो थायमॉल. हाच पदार्थ आता ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात घालून पाहतात. कशासाठी?

1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जुक्स व स्टोकस्टाड हे शास्त्रज्ञ बी-12 जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधीत होते. ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा त्यांनी पिलांना चारला, तर पिले अपेक्षेपेक्षा जास्त वाढली! चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा हा प्रताप. मग निरोगी कोंबड्यांनाही रोज थोडे प्रतिजैविक देण्याची प्रथा पडली. पण थोड्या मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. असे जंतू माणसापर्यंत पोहोचले, की आपली औषधे निकामी ठरतात. म्हणून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर स्वीडनने 1986 मध्ये, तर युरोपीय संघाने 2006 पासून बंदी घातली.

थायमॉल जंतूच्या पेशीपटलात शिरतो. पटल गळू लागते, आतले पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात. पंक्चर झालेली ट्यूबच म्हणा ना! परीक्षानळीत हे छान जमते. पोटात मात्र बराचसा थायमॉल आतड्याच्या सुरुवातीलाच शोषला जातो, आणि जंतूंची दाटी तर पुढे! म्हणून त्याच्या कणांवर चरबीचे कवच चढवतात. ते पचेल तसा थायमॉल सुटत जातो. शिवाय प्रत्येक पिकातले त्याचे प्रमाण सारखे नसते, त्यामुळे प्रयोगांचे निष्कर्षही जुळत नाहीत. आजारी कोंबडीला तर ओव्यावर ठेवून चालतच नाही. तिथे पशुवैद्यच हवा.