आधी भिंत तपासा, मग वीज वाचवा

जुन्या शाळा, वसतिगृहे आणि दवाखान्यांत हल्ली वीजबचतीची कामे निघतात. छतावर सौर पॅनेल बसतात, उन्हाचा ताप कमी करायला कोबा घालतात, उजेडासाठी खिडक्या मोठ्या करतात. ही कामे हवीतच. पण त्याआधी ती इमारत भूकंपात टिकेल का, हे पाहायला हवे. तासाला मी शिकवतो तो न्यूटनचा नियमच इथे उपयोगी पडतो.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. समजा, 8 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद वर्गाच्या छतावर विटांच्या तुकड्यांचा 10 सेंटीमीटर जाड कोबा घातला. दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरले, तर साडेनऊ टनांहून अधिक भार वाढला. भूकंपात छताचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश झाले, तरी जवळजवळ दोन टन वजनाइतके जादा बल भिंतींना आडवे ढकलेल.

किल्लारीच्या परिसरात घरांवर मातीचे जाड माळवद असे. त्याने घर उन्हाळ्यात गार राही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारो माणसे गेली. तो भाग तेव्हा नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

म्हणून जुनी इमारत पाहताना मी मुलांना चार प्रश्न वहीत लिहायला सांगतो. भिंत कशाची आहे, दगड-मातीची की सिमेंटात बांधलेल्या विटांची? खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत का? दारे-खिडक्या भिंतीच्या कोपऱ्याला खेटून आहेत का? चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का? ही झाली प्राथमिक पाहणी. निर्णय मात्र स्थापत्य अभियंत्याने मोजमाप आणि चाचण्या करूनच द्यायचा.

हा क्रम उलटा झाला तर भेगा नव्या आवरणाखाली झाकल्या जातात आणि पुढे मजबुतीकरणासाठी तेच आवरण फोडावे लागते. दोन्ही कामे एकत्र आखली, तर परांची एकदाच बांधावी लागते, गिलावाही एकदाच. पैसा वाचतो आणि त्या छताखाली झोपणारी मुले सुरक्षित राहतात.