मोकळे बोलणे

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये ४:१३-३१, इफिस. ४:१५

'फ्रँकली सांगतो' असे आपण मराठी बोलतानाही म्हणतो. हा 'फ्रँक' आणि 'फिरंगी' हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. फ्रँक ही जर्मन वंशाची एक टोळी. रोमी सत्ता मोडल्यावर तिने आजच्या फ्रान्सच्या भूमीवर राज्य केले. तेथे पूर्ण स्वतंत्र मनुष्य म्हणजे फ्रँक. म्हणून त्या शब्दाला 'स्वतंत्र' आणि पुढे 'मोकळेपणाने बोलणारा' असा अर्थ आला. तोच शब्द अरबी-फारसीतून 'फिरंगी' होऊन आपल्याकडे आला व पोर्तुगीजांस लागला.

आम्हां सिल्वासाकरांना ह्यात बोध आहे. नगरहवेली १७८३ साली पोर्तुगीजांकडे गेली व १९५४ च्या ऑगस्टमध्ये मुक्त झाली. त्या राजवटीच्या अखेरच्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. नावाचे मूळ 'स्वतंत्र', पण प्रजेच्या तोंडाला कुलूप! शब्द असणे वेगळे, गुण असणे वेगळे.

नव्या करारातील ग्रीक शब्द आहे 'पार्रेसिया'. 'पान' म्हणजे सर्व, 'रेसिस' म्हणजे बोलणे. काही न लपवता बोलणे. अथेन्समध्ये हा स्वतंत्र नागरिकाचा हक्क होता, दासाचा नव्हे. प्रे. कृत्ये ४:१३ येथे मराठी शास्त्रात त्यासाठी 'धैर्य' हा शब्द आहे. पेत्र व योहान विद्वान नव्हते, नागरिकत्वाचा मानही त्यांना नव्हता. तरी ते धर्मसभेपुढे मोकळे बोलले. इब्री ४:१६ मध्ये कृपेच्या राजासनाजवळ जाण्यासाठी हाच शब्द येतो. जो देवापुढे काही लपवत नाही, त्याला माणसांचे भय कसले? आपला 'मोकळा' हा शब्दही 'मुक्त' ह्याच कुळातला आहे.

मात्र मोकळेपणा म्हणजे फटकळपणा नव्हे. "मी स्पष्टवक्ता आहे" म्हणत बंधूचे मन दुखवणारा इफिस. ४:१५ मधील प्रीती विसरतो. मंडळीच्या हिशेबाविषयी शंका असेल तर ती सभेत विचारावी. उपासनेनंतर फाटकाबाहेर कुजबुजू नये. वर्गात मुलाने कठीण प्रश्न केला, तर शिक्षकाने त्याला गप्प न बसवता, "मला ठाऊक नाही, अभ्यास करून सांगतो," असे म्हणावे. मुले खरेपणा शिकतात ते अशाच उत्तरांतून.

चर्चेसाठी प्रश्न :
१. आपण कोणाच्या भयाने गप्प राहतो?
२. फटकळपणा व मोकळेपणा ह्यांतील फरक मुलांना कोणत्या उदाहरणाने सांगाल?
३. प्रे. कृत्ये ४:२९ मध्ये मंडळीने संकट टळावे असे न मागता काय मागितले?