लहान कुत्र्यांच्या गुदग्रंथींचे विकार

कुत्रें मागचे पाय पुढें ताणून भुईवर घासत चालूं लागलें कीं त्यास जंत झाले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. मग दुकानांतून जंताचें औषध येतें व तें दिलें जातें. आठ दिवसांनीं कुत्रें पुन्हां घासतें, म्हणून पुन्हां तेंच औषध. असा महिना जातो आणि एके दिवशीं शेपटीखालीं गळूं फुटून रक्त व पू वाहूं लागतो. जंतांमुळें कुत्रें घासतच नाहीं असें नव्हे. विष्ठेंत किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, तर ते चपट्या कृमीचे होत, आणि त्यावर कुत्र्याचें वजन पाहून औषध अवश्य द्यावें. परंतु असे तुकडे दिसत नसतां जें लहान कुत्रें वारंवार घासतें, त्याचें दुखणें बहुधा गुदग्रंथींत असतें.

मळ्यावरील राखणीच्या मोठ्या कुत्र्यास हा विकार क्वचितच होतो. अलीकडे मात्र वस्तीवरील घरांतूनही पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड, शिह त्झू अशीं लहान कुत्रीं पाळलेलीं दिसतात. हा उपद्रव मुख्यतः त्यांच्यासारख्या लहान जातींचा आहे. बैलाच्या खांद्यास आलेली सूज किंवा गाईच्या सडाचा दाह लांबून ओळखणारा शेतकरीही येथें फसतो. कारण गायबैलांस ही ग्रंथि नसतेच, आणि कुत्र्याच्या शेपटीखालीं मुद्दाम कोण पाहतो?

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस, किंचित् खालच्या अंगास, कातडीच्या आंत एकएक लहान पिशवी असते. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढें आणली तर चार व आठ या आंकड्यांच्या जागा, त्याच या पिशव्यांच्या जागा. लहान कुत्र्यांत पिशवी साधारण वाटाण्याएवढी असते व तिचें तोंड बारीक नळीनें गुदद्वाराच्या कडेस उघडतें. आंत उग्र वासाचा पातळसर, पिवळट किंवा तपकिरी स्राव जमतो. मांजर, मुंगूस, तरस यांसही अशाच प्रकारची योजना आहे. तरस हा स्राव गवताच्या काड्यांस फांसून आपली हद्द दाखवितो. दोन कुत्रीं भेटलीं असतां एकमेकांच्या शेपटीखालीं हुंगतात, तें या स्रावावरून ओळख पटविण्यासाठींच. घाबरलेल्या कुत्र्याकडून तो एकाएकीं बाहेर पडतो व घरभर दुर्गंधी सुटते. अशा वेळीं त्यास मारणें हा शुद्ध अन्याय होय.

निरोगी कुत्र्यांत शौचाच्या वेळीं घट्ट मळाचा दाब पडून या पिशव्या आपोआप रित्या होतात. मळ सैल असला म्हणजे हा दाब पडत नाहीं. स्राव आंतच राहतो, दाट होतो, नळी चोंदते, आणि पुढें त्यांत जंतुसंसर्ग होऊन पू धरतो. लठ्ठ कुत्र्यांतही हेंच घडतें. कातडीस खाज असणाऱ्या कुत्र्यांत नळीच्या तोंडाशीं सूज येऊन वाट बंद होते. सबब पंजे चाटणें, कान खाजविणें हींही लक्षणें असतील तर आधीं कातडीचा उपचार व्हावयास पाहिजे. नाहीं तर पिशव्या कितीही वेळां रित्या केल्या तरी दुखणें परत येतें.

प्रारंभीं कुत्रें घासतें, शेपटीखालीं सारखें चाटतें, एकाएकीं वळून मागें पाहतें, बसतां बसतां उठतें. अंगास नासलेल्या मासळीसारखा वास येतो. याच वेळीं बरीच मंडळी त्यास घरांतून अंगणांत हांकून देतात व दुखण्याकडे लक्ष द्यावयाचें राहून जातें. पुढें शौचाच्या वेळीं तें विव्हळतें आणि शेपटीस हात लागतांच अंगावर येतें. कधीं न चावणारें कुत्रें लहान मुलास चावलें, तर तें पिसाळलें अशी हांकाटी करण्यापूर्वीं शेपटी उचलून पाहण्याची सूचना पशुवैद्यास अवश्य करावी. मात्र चावा कोणत्याही कारणानें बसलेला असो, जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लसीकरितां दवाखान्यांत गेलेंच पाहिजे. घरचें कुत्रें म्हणून यांत सवलत नाहीं.

पिशवी नुसती भरली असेल, म्हणजे तेथें लाली, ऊन किंवा ठणका नसेल, तर ती दाबून रिती करतां येते. हें काम प्रथम पशुवैद्याकडून समक्ष शिकून घ्यावें. वाचून करण्याजोगें तें नव्हे. पद्धति अशी: एकानें कुत्र्यास उभें धरावें. दुसऱ्यानें रबरी हातमोजा घालून शेपटी वर उचलावी, गुदद्वारावर कापसाची घडी ठेवावी, आणि आंगठा व तर्जनी दोन्ही पिशव्यांच्या खालच्या बाजूस ठेवून हलकेच आंत व वर असा दाब द्यावा. स्राव कापसावर येतो. जोर करूं नये. दोनदां प्रयत्न करून न निघाल्यास सोडून द्यावें. कुत्रें चावेल अशी शंका असल्यास तोंडास मऊ कापडाची पट्टी बांधावी. पगाचें तोंड चपटें असल्यामुळें त्यास पट्टी बांधल्यास श्वास कोंडतो, म्हणून त्याच्या मानेभोंवतीं जाड टॉवेलाची गुंडाळी धरावी. निघालेला स्राव पातळ व तपकिरी असल्यास चिंता नाहीं. तो लोण्यासारखा दाट, हिरवट, पुवाचा किंवा रक्तमिश्रित दिसल्यास कुत्र्यास दवाखान्यांत न्यावें. कोणत्या तारखेस कोणती बाजू रिती केली व रंग कसा होता याची वहींत नोंद ठेवावी. अशी नोंद पाहून विकार किती दिवसांनीं उलटतो हें वैद्यास तत्काळ कळतें.

कांहीं लोक दर पंधरा दिवसांनीं, गरज असो वा नसो, पिशव्या दाबून घेतात. हें बरें नव्हे. निरोगी पिशवीस वारंवार दाबल्यानें ती सुजते आणि नसलेला विकार उत्पन्न होतो.

जागा लाल, गरम व फुगलेली असेल तर बोटही लावूं नये. दाबल्यास पिशवी आंतल्या आंत फुटण्याचें भय असतें. मनगटास सोसेल इतक्या कोमट पाण्यांत स्वच्छ फडकें बुडवून दहा मिनिटें शेकावें, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तेथें गळवास वाट करून देऊन पिशवी धुतात व जंतुनाशक आणि ठणका कमी करणारें औषध देतात. घरांतील माणसांच्या गोळ्या देऊं नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात; चार किलोच्या जीवास माणसाची एक गोळी म्हणजे केवढी मात्रा झाली हें ज्यानें त्यानें पहावें. फुटलेल्या गळवावर रॉकेल, फिनेल किंवा तंबाखूचा चुना भरण्याची चाल तर सर्वस्वी टाकाऊ आहे. त्यानें मांस भाजतें, आणि कुत्रें तें चाटून विष पोटांत घेतें. पावसाळ्यांत अशा जखमेवर माशी बसून एकदोन दिवसांत अळ्या पडतात. तेव्हां जखम दिवसांतून दोनदां पहावी आणि कुत्र्यास चाटतां येऊं नये म्हणून गळ्यांत पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची कॉलर घालावी.

विकार वारंवार उलटूं नये म्हणून खाण्याकडे पाहिलें पाहिजे. आपल्याकडे लहान कुत्र्यास दूधपोळी, बिस्किटें व ताटांतील उरलेंसुरलें देतात. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांस दूध पचत नाहीं व मळ पातळ होतो. बिस्किटांनीं मेद वाढतो. दूध बंद करतांच मळ बांधून येऊन घासणें थांबतें, असें बऱ्याच कुत्र्यांत दिसून येतें. जेवणांत मीठ, तिखट, कांदा, लसूण न घालतां उकडलेला लाल भोपळा एकदोन चमचे रोज मिसळावा, किंवा अर्धा चमचा इसबगोल भरपूर पाण्यांत भिजवून द्यावा. कांदा-लसणानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात, म्हणून आमटीभाताचें ताट त्यापुढें सरकवूं नये. मळ घट्ट व्हावा म्हणून कोंबडीचीं शिजलेलीं हाडें देणारेही आढळतात. त्यांच्या कपच्या आंतड्यांत रुततात. बरगड्यांवरून हात फिरवितां त्या बोटांस लागत नसतील तर कुत्रें लठ्ठ आहे असें समजून खुराक कमी करावा व सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरवून आणावें.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतींत एक गोष्ट वेगळी आहे. त्याच्या एका बाजूस टणक गांठ लागते, ती दुखत नाहीं, कुत्रें पाणी मात्र फार पितें व वारंवार मुततें. ही पिशवीतील कर्करोगाची गांठ असूं शकते. तिनें रक्तांतील चुन्याचा अंश वाढून तहान लागते, आणि रोग पोटांतील गांठींपर्यंत पसरतो. येथें शेकणें, दाबणें कांहीं कामाचें नाहीं. दिवस न दवडतां तपासणी करावी.

वर्षांतून अनेक वेळां पू होणाऱ्या कुत्र्याच्या पिशव्या शस्त्रक्रियेनें काढून टाकतां येतात. तेथील स्नायूंस किंवा मज्जातंतूंस इजा झाल्यास कुत्र्याचा मळावरील ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून हें काम सराव असलेल्या शल्यवैद्याकडूनच करून घ्यावें. पू वाहत असतां ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहींत. आधीं दाह शमवितात, मग दिवस ठरवितात.