ग्रूप फोटोची तयारी

आज घरोघरीं मोबाइल आहेत आणि एकेका मोबाइलांत हजारों चित्रें सांठलेलीं आहेत. असें असतां कांहीं मुलांना फिल्मवर फोटो काढण्याची हौस लागावी, हें पालकांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटतें. ह्या हौसेचें मूळ बहुधा घरच्या ट्रंकेंतच असतें. सुटींत ट्रंक उपसतांना आजोबांचा ‘आग्फा क्लिक थ्री’ सांपडतो. हा साधा, स्वस्त कॅमेरा एके काळीं आपल्या देशांतच तयार होत असे. त्यांत १२० नंबरची फिल्म बसते आणि एका गुंडाळींत बारा चौकोनी चित्रें निघतात. तेरावें निघत नाहीं. मोबाइलवर वाढलेल्या मुलास ही अडचण वाटते. मला ती शिक्षकाची मोठी सोय वाटते, कारण बाराच चित्रें मिळणार असें कळलें म्हणजे मूल बटण दाबण्यापूर्वीं नीट पाहूं लागतें.

एकट्यानें फिल्म वापरणें महाग पडतें. म्हणून चार-पांच हौशी मंडळींनीं मिळून एखादा स्टुडिओ दोन तासांसाठीं भाड्यानें घ्यावा, किंवा शाळेचा व्हरांडा मागून घ्यावा, एखाद्या कुटुंबास बोलवावें, आणि पाळीपाळीनें त्यांचा ग्रूप फोटो काढावा, हें आपल्याकडेहि सहज करतां येईल. त्याची तयारी कशी करावी हें ह्या पाठांत सांगावयाचें आहे. यंत्राची माहिती पुस्तकांत मिळते. मी विशेषतः बोलणार आहें तें खुर्चीवर बसणाऱ्यांविषयीं. हौशी माणसें पांच जमलीं कीं आपापल्या कॅमेऱ्यांविषयींच बोलत राहतात, आणि बोलावलेलीं म्हातारीं माणसें तोंपर्यंत ताटकळतात.

हौशी लोकांनीं एकत्र येऊन ही विद्या शिकावी, हें आपल्या प्रांतांत नवें नाहीं. फोटोग्राफीचा शोध जगास १८३९ सालीं कळला. १८५४ सालीं मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग निघाला. पुढें धंदेवाईक फोटोग्राफर म्हणून नांवारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे ह्याच वर्गाचे विद्यार्थी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हेहि आपला वैद्यकीचा व्यवसाय संभाळून फोटो काढीत व सोसायटीच्या कामांत भाग घेत. शोध कळल्यापासून सोळा वर्षांच्या आंत तो मुंबईच्या वर्गांत शिकविला जात होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

ह्याच सोसायटीच्या मंडळींपैकीं विल्यम जॉन्सन नांवाच्या गृहस्थांनीं मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींचे ग्रूप फोटो घेतले आणि त्यांचें पुस्तक १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलें. माणसांचा फोटो एके ठिकाणीं घ्यावयाचा, मागचें देऊळ किंवा रस्ता दुसऱ्याच फोटोंतला, आणि छापतांना दोन्ही जोडावयाचीं, अशी त्यांची युक्ति होती. त्या काळच्या साधनांनीं हें काम किती जिकिरीचें असेल! परंतु त्या चित्रांखालीं बहुधा जातीचें नांव आहे, बसलेल्या माणसांचीं नांवें नाहींत. पगडीचा घेर कळतो, अंगावरील दागिने मोजतां येतात. पण ती बाई कोण, ती कोणाची आई, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

आपल्या घरच्या जुन्या फोटोंचीहि हीच गत असते. मागच्या रांगेंतील डावीकडून तिसरा कोण, असें मूल विचारतें. ज्यांना तें ठाऊक होतें त्या आत्याबाई दोन वर्षांपूर्वीं वारलेल्या असतात. म्हणून माझ्या मतें ग्रूप फोटोच्या तयारींत पहिली वस्तू म्हणजे एक वही आणि एक चांगल्या अक्षराचा मुलगा किंवा मुलगी. कॅमेरा त्यानंतरचा.

आतां दिवस ठरविण्याविषयीं. ह्या बाबतींत आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण आहे. शाळेचें स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारींत होतें आणि सर्वांस वाटतें कीं फोटो तेव्हांच काढावेत. पण पाथर्डी, शेवगांव, जामखेड या बाजूच्या पुष्कळ मुलांचे आईबाप त्या वेळीं घरीं नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. तेव्हां अशा कुटुंबाचा फोटो काढावयाचा असेल तर गळिताचा हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या उत्तरार्धांत, दिवस धरावा. संमेलनाच्या सोयीसाठीं आईबापांवांचून फोटो काढून त्यास ‘कुटुंब’ म्हणणें बरें नव्हे.

दिवस बदलला म्हणजे प्रकाशहि बदलतो, आणि येथें भूगोलाचा धडा उपयोगी पडतो. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, स्टुडिओची खिडकी उत्तरेस असावी, कारण उत्तरेकडून ऊन कधीं येत नाहीं. लंडनमध्यें हें बहुतांशीं खरें आहे. नगर मात्र सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यदेखील आपल्या डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवत असल्यामुळें सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतें. डिसेंबरांत उत्तरेचा व्हरांडा दिवसभर सावलींत असतो, तेव्हां कोणतीहि वेळ चालेल. एप्रिलांत मात्र सकाळची वेळ सोडून अकरा ते एकच्या दरम्यान फोटो घ्यावा. ऐकावयास उलटें वाटतें, पण त्या वेळीं ऊन डोक्यावर असतें आणि व्हरांड्याचें छप्पर तें अडवितें.

बसणाऱ्यांनीं व्हरांड्याच्या आंत, मागील भिंतीपासून दोन-तीन हात पुढें, अंगणाकडे तोंड करून बसावें. कॅमेरा अंगणांत राहील. उन्हाळ्यांत पुढच्या तापलेल्या अंगणावरून प्रकाश उसळून चेहऱ्यावर येतो व फेट्याखालचे डोळे आपोआप उजळतात. हिवाळ्यांत तेंच काम पायांपुढें पांढरी चादर अंथरून करावें. कॅमेऱ्याच्या भिंगावर ऊन पडूं नये म्हणून एकानें छत्री धरावी. छत्री धरणारा मुलगा रागावतो, म्हणून तीहि पाळी लावून द्यावी.

सर्वांनीं एकाच वेगाची फिल्म आणावी हें आधींच ठरवून घ्यावें. एकाची १०० ची, दुसऱ्याची ४०० ची असली म्हणजे प्रत्येक पाळीस नवें गणित करावें लागतें आणि बसणारे कंटाळतात. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म पूर्वीं मिळत असे. तो कारखाना आतां बंद आहे आणि फिल्म परदेशीच घ्यावी लागते, म्हणून ती वायां घालवूं नये. ४०० वेगाची काळी-पांढरी फिल्म असल्यास व्हरांड्याच्या सावलींत सेकंदाचा साठावा भाग आणि भिंग एफ ८ वर, हें अंदाजानें ठीक पडतें. तरी मोजून पाहावें, आणि तें चेहऱ्यावरून मोजावें. आपल्याकडील म्हाताऱ्याची टोपी पांढरी, सदरा पांढरा, धोतर पांढरें. प्रकाशमापक तेवढेंच पाहतो आणि सांवळा चेहरा काळा पडतो. म्हाताऱ्याच्या तोंडाशीं यंत्र नेणें अवघड वाटल्यास आपल्या तळहातावरून मोजावें आणि एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश सोसतो, कमी सोसत नाहीं.

मुलें नेहमीं विचारतात कीं, जुन्या फोटोंत पणजीचें कुंकू काळें कुट्ट कां दिसतें? त्याचें कारण असें कीं, जुन्या कांचांवरील मसाल्याला निळा प्रकाश दिसे, तांबडा दिसत नसे. म्हणून तांबडें तें सारें काळें आलें. आजच्या फिल्मला सर्व रंग दिसतात. तरी तांबडा पदर आणि हिरवें लुगडें हीं दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेंत येतात, तेव्हां शेजारीशेजारी कोणास बसवावें हें रंगावरून ठरवूं नये, गडद-फिक्यावरून पाहावें. शक्य तों तेंहि पाहूं नये, माणसांना आपल्या मनाप्रमाणें जवळ बसूं द्यावें.

बसविण्याचें गणित सोपें आहे. चौकोनी चित्राच्या कॅमेऱ्याचें भिंग बहुधा ८० मिलिमीटरचें असतें. तीन मीटरांवरून त्यांत सुमारें दोन मीटर रुंदीची जागा मावते. म्हणजे पुढें तीन खुर्च्या आणि मागें चार माणसें उभीं, असा सात जणांचा ग्रूप नीट बसतो. एफ ८ वर अडीच मीटरांपासून साडेतीन मीटरांपर्यंतचें सर्व स्पष्ट येतें. एफ ४ वर हें अंतर निम्म्यावर येतें आणि मागच्या रांगेचे चेहरे पुसट होतात. खुर्च्या सरळ रेषेंत न मांडतां किंचित् कमानींत मांडाव्या, म्हणजे कडेचीं माणसें भिंगापासून तितक्याच अंतरावर राहतात. खुर्ची सर्वांत म्हाताऱ्यास. मुलगा कमावता झाला म्हणून त्यानें बसावें आणि आईनें मागें उभें राहावें, असें मीं पाहिलें आहे, आणि अशा वेळीं फोटोग्राफरानें बोलण्यास संकोच करूं नये.

किती चित्रें घ्यावीं? ह्याचेंहि गणित झालें आहे. ऑस्ट्रेलियांतील निक स्वेन्सन व पिअर्स बार्न्स या दोघांनीं माणसांच्या डोळे मिटण्याचा हिशेब केला, आणि त्याबद्दल त्यांना २००६ सालीं ‘इग् नोबेल’ हें विनोदी परंतु खऱ्या संशोधनास मिळणारें पारितोषिक मिळालें. त्यांचा नियम असा : माणसें विसांहून कमी असलीं तर चांगल्या प्रकाशांत माणसांच्या संख्येस तिनांनीं भागावें, प्रकाश कमी असल्यास दोहोंनीं; तितकीं चित्रें घेतलीं म्हणजे एकांत तरी सर्वांचे डोळे उघडे मिळण्याचा बराच संभव असतो. पन्नास माणसांच्या फोटोंत ती आशा सोडावी. आपल्या सात माणसांस भागाकार सव्वादोनाहून किंचित् अधिक येतो, म्हणून तीन चित्रें घ्यावीं.

पण पांच हौशी मंडळींनीं प्रत्येकीं तीन चित्रें घेतलीं तर त्या आजीस पंधरा वेळां ताठ बसावें लागेल. हें मला मान्य नाहीं. संपूर्ण ग्रूप दोघांनींच घ्यावा. बाकीच्या तिघांनीं आजोबा-नातू, दोघी जावा, एकटी आई, अशीं लहान चित्रें घ्यावीं. कोणीं काय घ्यावें हें आदल्या दिवशीं चिठ्ठ्या टाकून ठरवावें. कुटुंबासमोर वाद नको. एक जण फोटो घेत असतां इतरांनीं आपले कॅमेरे खालीं ठेवावे. पांच भिंगें रोखलेलीं असलीं म्हणजे सात माणसें पांचीकडे पाहतात आणि एकहि चित्र धड येत नाहीं. “हसा” असें ओरडूं नये. वहीवाल्या मुलानें गांवाकडच्या पावसाची, बैलाची गोष्ट काढावी, तेवढें पुरतें.

स्टुडिओ घेतल्यास उन्हाचा प्रश्न मिटतो, दुसरे उभे राहतात. तेथील फ्लॅश एका वेळीं एकाच कॅमेऱ्यास जोडावयाचा असतो, म्हणून पाळी अधिकच कडक हवी. पडद्याच्या शटरचे जुने कॅमेरे बहुधा साठाव्या भागाहून जलद ठेवूं नयेत, नाहींतर चित्राचा एक भाग काळा येतो. आणि फ्लॅशची संवय नसलेल्या म्हाताऱ्यांना एकदां नुसताच उडवून दाखवावा.

फिल्म घरीं धुणाऱ्यांस एक सूचना. डेव्हलपर बहुधा २० अंश सेल्सिअसवर वापरावा असें पाकिटावर छापलेलें असतें. एप्रिलांत आपल्या टाकीचें पाणी तितकें थंड कोठून असणार! डेव्हलपरचें भांडें बर्फाच्या पाण्यांत ठेवून थंड करावें. बर्फ आंत टाकूं नये, त्यानें द्रावण पातळ होतें.

चित्रें छापून झालीं म्हणजे पहिली प्रत त्या कुटुंबाची. ती देण्याची तारीख बोलावतांनाच सांगावी, आणि ती दिवाळीच्या पुष्कळ अगोदरची असावी, कारण एकदां टोळीची गाडी निघाली म्हणजे फोटो कोणाच्या हातीं द्यावयाचा? त्यांच्या परवानगीवांचून तें चित्र भिंतीवर, मासिकांत किंवा मोबाइलवर कोठेंहि लावूं नये. प्रतीच्या मागें, कडेजवळ, मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें लिहावीं. शाई पुढें उमटते. नांवें पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडून सुरू करावीं, आधीं बसलेल्यांचीं, मग उभे असलेल्यांचीं. बायकांचीं स्वतःचीं नांवें विचारून लिहावीं. ‘अमक्याची मंडळी’ असें वहींत चालणार नाहीं. निगेटिव्ह कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यांत, पावसाळ्यांत ओल येणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावी, आणि पाकिटावर तारीख, गांव व वहीच्या पानाचा आंकडा घालावा.