शिष्यवृत्तीची मुदत संपताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने खगोलशास्त्राकडे वळावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण माझा विषय तारे नसून मुदत हा आहे. 1930 साली मद्रासहून केंब्रिजला गेलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची सरकारी शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. 1933 मध्ये पीएच. डी. झाली, पैसेही संपत आले. तेव्हा त्यांनी ट्रिनिटी कॉलेजच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. स्पर्धा सर्व विषयांची; खगोलशास्त्राला राखीव जागा नाही. आपले संशोधन प्रबंधरूपाने परीक्षकांपुढे ठेवायचे. मार्गदर्शक फाउलर यांनाही फारशी आशा नव्हती. तोवर तेथे फेलो झालेले भारतीय एकच, 1918 सालचे रामानुजन. तरी चंद्रशेखरांची निवड झाली.

या फेलोशिपने पैशापेक्षा वेळ दिला. आमच्या जमाखर्चात वेळेचे खाते नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1.4 पटींपलीकडे जाऊ शकत नाही, हे गणित त्यांनी याच काळात पक्के केले. जानेवारी 1935 मध्ये एडिंग्टन यांनी भरसभेत त्याची थट्टा केली. वरिष्ठांच्या मर्जीवरची नोकरी असती तर? फेलोशिप मात्र चालूच राहिली. 1937 मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या यर्कीज वेधशाळेत रुजू झाले. नोबेल पारितोषिकाला 1983 साल उजाडले.