मुलांना ते दिवस सांगूया

पालकहो, जून २०२० मध्ये ज्या मुलांचं नाव पहिलीत घातलं होतं, ती आता सहावी-सातवीच्या घरात आहेत. कोरोनामुळे त्यांना पहिलीच्या बाई मोबाइलच्या पडद्यावर भेटल्या. पहिली ते चौथीच्या वर्गांची दारं खऱ्या अर्थानं उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत ती पुन्हा काही दिवस बंद झाली. त्या दोन वर्षांविषयी आज आपल्या घरांत बोलणं होतं ते पत्त्यांच्या डावांचं, घरी केलेल्या पाणीपुरीचं, गच्चीवरच्या पतंगांचं. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे तेवढंही होत नाही. विषय निघाला की कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जातं.

मी परिचारिका आहे. त्या काळात सरकारी रुग्णालयाच्या कोविड कक्षात ड्युटी केली आणि त्याच काळात माझ्या घरीही दोन शाळकरी मुलं होती. वॉर्डमध्ये काय चाललं होतं ते मी पाहिलं, आणि दारामागच्या मुलांच्या कानांवर काय पडत होतं तेही. म्हणून आज तुमच्याकडे एक मागणं घेऊन आले आहे. मुलांना ते दिवस नीट सांगा. आपण गप्प राहिलो म्हणून त्यांच्या मनातले प्रश्न गप्प बसलेले नाहीत.

शाळांच्या आरोग्य तपासणीला जाते तेव्हा याचा अनुभव येतो. वजन-उंची झाली की काही मुलं रेंगाळतात. एका मुलीनं असंच मागे थांबून मला विचारलं, “सिस्टर, तेव्हा आई नको म्हणत असताना मी खाली सायकल खेळायला गेले होते. म्हणूनच आजोबांना झाला ना कोरोना?” आजोबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले होते. इतकी वर्षं ही पोर तो प्रश्न एकटी सांभाळत होती. घरात कुणी तिला दोष दिला नव्हता. पण दोष नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं.

आठवून पाहा, तेव्हा आपण मुलांना काय सांगत होतो. “आजीजवळ जाऊ नकोस, तुझ्यामुळे तिला होईल.” “हात धुतलेस का? आजोबांना काही झालं तर?” काळजीपोटीच बोलत होतो आणि त्या घडीला ते गरजेचंही होतं. पण सहा-सात वर्षांचं मूल शब्द शब्दशः घेतं. नंतर खरोखर आजोबा आजारी पडले, तेव्हा त्या मुलानं दोन गोष्टी जोडल्या आणि उत्तर काढलं. ते उत्तर चुकीचं आहे, हे त्याला आपल्याशिवाय कोण सांगणार?

सांगायला आपल्याजवळ साधं विज्ञान आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जाऊ शकत होते. कित्येकांना लक्षणं दिसतच नव्हती. किराणा आणणारे बाबा, कामावर जाणारी काकू, लस घ्यायला रांगेत उभे राहिलेले स्वतः आजोबा, दूध टाकणारा दादा, लिफ्टचं बटण दाबणारे शेजारी, या सगळ्यांतून विषाणू कुणाकडून आला हे छातीठोकपणे सांगणं डॉक्टरांनाही शक्य नव्हतं. मुलाला जवळ बसवून हे समजावा आणि शेवटी स्पष्ट शब्दांत म्हणा, “तुझ्यामुळे काही झालेलं नाही.” त्यानं विचारलेलं नसलं तरी म्हणा. ज्या मुलांना हे ऐकायची सर्वांत जास्त गरज असते, ती सहसा विचारत नाहीत.

दुसरा प्रश्न भेटीचा. आजीला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं आणि मग ती दिसलीच नाही. कुणी भेटायला का गेलं नाही? आपल्या माणसांनी तिला टाकून दिलं का? मुलांच्या मनातलं हे कोडं मोठ्यांच्या मनातल्या सलापेक्षा वेगळं नाही.

तर कोविड कक्ष आतून कसा होता ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मुलांना सांगता येईल. आत जाताना आम्ही पायापासून डोक्यापर्यंत पीपीई किट चढवायचो. एकदा घातलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी पिता येत नसे, बाथरूमला जाता येत नसे. चष्म्यावर वाफ धरायची आणि शीर शोधणं अवघड व्हायचं. चेहरे झाकलेले, म्हणून पाठीवर आणि छातीवर पेननं नावं लिहायचो. नातेवाइकांना आत सोडलं असतं तर ते संसर्ग घेऊन घरी गेले असते, आणि त्या घरी तुमची हीच मुलं होती. दार बंद ठेवण्यामागे हे कारण होतं.

पण आजी आत एकटी नव्हती, हेही मुलाला सांगा. वॉर्डमधल्या मावशी आणि वॉर्डबॉय मामा तिला चमच्यानं पेज भरवत होते. श्वासाला उतार पडावा म्हणून आम्ही रुग्णांना पोटावर झोपवायचो. अशा वेळी कुणी घाबरलं तर हातमोजा घातलेला का होईना, हात हातात धरून बसायचो. वॉर्डच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायचो. कित्येक आजी-आजोबांनी त्या पडद्यावर नातवंडांचीच नावं घेतली. प्रत्येकाला असा कॉल मिळाला असं मी म्हणणार नाही. जिथे रुग्ण फार आणि माणसं थोडी होती, तिथे तो राहून गेला. तुमच्या घरी तसं झालं असेल तर तेही मुलापासून लपवू नका. “आम्हालाही बोलता आलं नाही, त्याचं आम्हालाही वाईट वाटतं,” असं आई-बाबा म्हणाले की मुलाचं दुःख त्याच्या एकट्याचं राहत नाही.

मोठी मुलं तिसरा प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर देताना आपली जीभ अडखळते. बेड का मिळाला नाही? ऑक्सिजन का संपला?

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात एका दिवसात साठ हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडत होते. यातल्या बहुतेकांना घरीच बरं वाटलं. पण इतक्या मोठ्या आकड्यातला लहानसा हिस्साही एकाच आठवड्यात दारात आला, तर कोणतंही रुग्णालय अपुरं पडतं. ऑक्सिजनचा हिशेब मुलांना वहीवर करून दाखवण्यासारखा आहे. साध्या नळीवर असलेल्या रुग्णाला मिनिटाला दोन ते पाच लिटर ऑक्सिजन पुरतो. फुप्फुसं फार खराब झाली की हाय फ्लो मशीनवर तीच गरज मिनिटाला साठ लिटरपर्यंत जाते. आम्ही ज्याला जम्बो सिलिंडर म्हणतो, त्यात साधारण सात हजार लिटर वायू मावतो. म्हणजे असा एकच रुग्ण दोन तासांच्या आत एक सिलिंडर संपवतो. आता एका वॉर्डमध्ये असे वीस रुग्ण आहेत असं धरा आणि मुलालाच गुणाकार करू द्या.

राज्यात कारखान्यांसाठी लागणारा ऑक्सिजनही रुग्णालयांकडे वळवला, तरी पुरेना. मग १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. ते भरून आले आणि नागपूर-नाशिकला उतरले. त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. हे सांगताना माझे हात आजही गार पडतात, पण मोठ्या मुलांना हेही कळू द्या. आरोग्यावर आधीपासून खर्च केला असता, माणसं नेमली असती, यंत्रणा तपासली असती, तर काही जीव वाचले असते हे त्यांना समजलं पाहिजे. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात दुसरी लाट येण्याआधीच ऑक्सिजन प्लांट उभे केले होते, म्हणून त्या लाटेत तिथे बाकीच्या ठिकाणांसारखी पळापळ झाली नाही. आधीची तयारी म्हणजे काय, हे मुलांना याहून चांगल्या उदाहरणानं सांगता येणार नाही.

हे सगळं कधी आणि कसं सांगायचं? मुद्दाम बैठक बसवू नका. भाजी निवडताना, गावी जाताना गाडीत, आजोबांच्या तिथीच्या दिवशी विषय सहज निघतो. तेव्हा तो टाळू नका, एवढंच. आधी मुलाला विचारा, “तुला त्या वेळचं काय आठवतं?” आणि मग थांबा. त्याला पत्र्यानं बंद केलेली गल्ली आठवेल, दाराबाहेर ठेवलेलं ताट आठवेल, बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर आणि त्यावरचा आकडा वाचताना बदललेला बाबांचा चेहरा आठवेल. त्याची आठवण दुरुस्त करायची घाई नको. त्याच्या प्रश्नाएवढंच उत्तर द्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आजार, दवाखाना आणि मृत्यू एवढं सरळ शब्दांत पुरतं. “देवाघरी झोपायला गेले” असलं काही सांगू नका, झोपेची भीती बसते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आकडे द्या, कारणं द्या, त्याचा राग ऐकून घ्या. बोलता बोलता तुमचे डोळे भरून आले तर येऊ द्या. आई-बाबा रडतात आणि पुन्हा सावरतात, हे पाहिल्यानं मुलाला आधारच मिळतो.

अंत्यविधी राहून गेल्याची बोच अनेक घरांत आहे. तेव्हा वीस माणसांची मर्यादा होती. बऱ्याच जणांना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबूनच पाहावा लागला, मुलांना तर काहीच पाहता आलं नाही. निरोप आजही देता येतो. फोटो बाहेर काढा, आजीच्या हातची रेसिपी मुलांसोबत करा, आजोबांच्या नावानं एक झाड लावा, त्यांच्या गावी मुलाला घेऊन जा. तो तुमच्या घराचा विधी असेल. त्यात मुलाला प्रेक्षक म्हणून उभं करू नका, काहीतरी त्याच्या हातानं होऊ द्या.

दुःखासोबत चांगुलपणाही सांगा, कारण तोही तितकाच खरा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई तुटपुंज्या मानधनावर दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासत होत्या. त्याच वर्षी आषाढीला वारी पायी निघाली नाही, संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरी बसून विठ्ठल आठवला. लालबागच्या राजाच्या मंडळानं गणेशोत्सवात मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. मुंबई-नाशिक महामार्गावर चालत गावी निघालेल्या मजुरांना लोकांनी भाकरी दिली, चपला दिल्या. त्या मजुरांना चालावं का लागलं, हेही मुलाला विचारू द्या. एकाच गोष्टीत माणुसकी आणि अन्याय दोन्ही असू शकतात, हे त्याला यातून उमगेल.

माझ्यासारख्या घरांतल्या आई-बाबांशी दोन शब्द वेगळे. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, एसटीचे चालक-वाहक यांची मुलं तेव्हा आईला दारातून बघत होती. “आई आमच्यापेक्षा पेशंटकडे जास्त राहिली,” असं माझा मुलगा मोठा झाल्यावर म्हणाला. मी त्याला सांगितलं की जवळ न येणं हीच तेव्हा माझी माया होती, आणि तुझ्याशिवाय राहणं मलाही जड गेलं. त्यानं लगेच मान डोलावली नाही. त्याला वेळ हवा होता, तो मी दिला. तुमच्या मुलांची तक्रारही ऐका. ‘कोविड योद्धा’ म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र त्या तक्रारीला उत्तर म्हणून दाखवू नका.

काही मुलांना मात्र बोलणं पुरत नाही. झोप उडाली असेल, कुणाला ताप आला की मूल थरथरत असेल, हात धुणं थांबतच नसेल, पोटदुखीची कारणं तपासण्यांत सापडत नसतील, अभ्यासातून आणि मित्रांतून लक्ष उडालं असेल, तर तज्ज्ञांची मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी सरकारनं तेव्हा ठेव योजना केल्या. तुमच्या नात्यात, वस्तीत असं मूल असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्याच्या कागदपत्रांची चौकशी करायला सोबत जा. पैशाइतकंच, कुणीतरी बरोबर आलं हेही त्या मुलाच्या लक्षात राहतं.

साथ पुन्हा येईल की नाही, कधी येईल, हे कुणाच्या हातात नाही. पण आली तर औषधं शोधणारी, वॉर्ड सांभाळणारी, नगरपालिकेत बसून बजेट ठरवणारी आणि मतदान करणारी माणसं आज आपल्या घरात दप्तर भरताहेत. आपण जे भोगलं ते त्यांच्यापर्यंत नीट पोचलं, तर त्यांचे निर्णय आपल्यापेक्षा शहाणे होतील. म्हणून या रविवारी टीव्ही थोडा वेळ बंद करा आणि मुलाला विचारा, “तुला त्या वेळचं काय आठवतं?” उत्तर काहीही येवो, ते शेवटपर्यंत ऐका. आणि मग त्याला जे ऐकायचं आहे ते खरं, सोप्या शब्दांत आणि त्याच्या शेजारी बसून सांगा.